फॉरमॅट मारण्याआधी घरच्यांना विचारा तरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला की आपल्याकडे सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत कुठेही जा, एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल, उद्या संध्याकाळी घेऊन जा." फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे पालक, शेजारी, नातेवाईक सगळे घरचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात, पण बहुतेक जण फॉरमॅट मारून झाल्यावर येतात आणि मग विचारतात की मॅडम, आतले फोटो परत मिळतील का. हे इतक्यांदा झालंय की आपल्या पेपरातून जरा सविस्तर लिहावंसं वाटलं, कृपया जागा द्या.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील दिंडोरीकडे द्राक्षबाग करतात, माल एक्स्पोर्टला जातो. एक्स्पोर्टच्या द्राक्षांना कुठलं औषध कधी मारलं, किती मारलं याच्या नोंदी ठेवाव्या लागतात, त्या सगळ्या एक्सेलमध्ये, शिवाय बिलं, रेसिड्यू रिपोर्ट (मालात औषधाचा किती अंश उरलाय त्याची तपासणी), मजुरांचे हिशोब, सगळं त्या एकाच लॅपटॉपवर. एक दिवस स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखे मेसेज यायला लागले की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलाय, लगेच इथे क्लिक करा. घरचे घाबरले, लॅपटॉप दुकानात नेला, दुकानदाराने काही न विचारता फॉरमॅट मारला आणि सगळं गेलं. त्यात एसएसडी होती, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी नवी डिस्क, एसएसडीवरचा डेटा एकदा पुसला की परत काढणं जवळपास अशक्य असतं, जुन्या हार्ड डिस्कमध्ये थोडी तरी आशा असायची. मुलीने त्या मेसेजचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, तो मी पाहिला आणि फार वाईट वाटलं, कारण तो व्हायरस नव्हताच. ते क्रोमचं नोटिफिकेशन होतं. कुठल्यातरी साइटवर कुणीतरी "अलाउ" दाबलं असणार आणि त्या साइटला कोपऱ्यात हवं ते दाखवायची परवानगी मिळाली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथून ती अनोळखी साइट काढून टाकली की विषय संपतो. एवढ्यासाठी अख्ख्या सीझनच्या नोंदी गेल्या.

दुसरा असाच प्रकार म्हणजे अख्खी स्क्रीन लाल किंवा निळी होते, भोंगा वाजतो आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक फोन नंबर दिसतो. तो फोन कधीही करू नका. मायक्रोसॉफ्ट आपल्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर देत नाही. ते साधं वेबपेज असतं, एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. फोन केलात तर पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क किंवा तसलं दुरून लॅपटॉप चालवायचं ॲप टाकायला लावतो आणि मग खरंच लॅपटॉप त्याच्या ताब्यात जातो.

आता खरोखरच काहीतरी शिरलंय असं वाटत असेल, म्हणजे ब्राउझरचं होमपेज आपोआप बदलतंय, न टाकलेले प्रोग्रॅम दिसतायत, काहीच चालू नसताना फॅन जोरात फिरतोय, किंवा अँटिव्हायरस चालूच होत नाहीये, तर पहिलं काम म्हणजे वायफाय बंद करा. मग महत्त्वाच्या फाइल्स, म्हणजे फोटो, एक्सेल, पीडीएफ एवढंच, एखाद्या बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, सेटअपच्या फाइल्स अजिबात घेऊ नका, कारण रोग बऱ्याचदा त्यातच असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासून असतो, त्याला पैसे लागत नाहीत, हे अजूनही कितीतरी लोकांना माहीत नाही. अपडेटपुरतं नेट चालू करा, अपडेट झालं की विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, स्कॅन ऑप्शन्समध्ये "ऑफलाइन स्कॅन" निवडा. लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. याचा फायदा असा की विंडोज चालू असताना जे लपून बसतं त्याला इथे लपायला जागा राहत नाही. त्यानंतर एक फुल स्कॅन करा, तो मात्र तासन्‌तास चालतो, रात्री चार्जरला लावून ठेवा. अजून शंका असेल तर मालवेअरबाइट्स नावाच्या तपासणीच्या प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती आहे, आणि आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे, सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था ते चालवते, २०१७ मध्ये सुरू झालं, सीएसके डॉट गव्ह डॉट इन या साइटवर साफसफाईची टूल्स फुकट मिळतात. लोकांच्या टॅक्सच्या पैशातून झालेली ही सोय आहे, तिचं नावसुद्धा कुणाच्या कानावर नाही.

स्कॅन झाल्यावर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम बघा, आपण न टाकलेलं काहीही दिसलं की काढा. ॲप्सची यादी तारखेनुसार लावून बघा, त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय आलंय ते लगेच कळतं. आणि अजून एक जागा आहे, जिकडे कुणीच बघत नाही. डिफेंडरच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली "एक्स्क्लूजन्स" म्हणून यादी असते, म्हणजे या फोल्डरकडे डिफेंडरने बघायचंच नाही. ती रिकामी असायला हवी. मी असे लॅपटॉप पाहिलेत की त्यात पूर्ण सी ड्राइव्ह टाकलेला होता! म्हणजे अँटिव्हायरस चालू, हिरवी खूण चालू, आणि आत काय चाललंय ते तो बघतच नाही. हे कुणी केलं? क्रॅकने. विंडोज किंवा ऑफिस फुकटात ॲक्टिव्हेट करायची जी टूल्स मिळतात ती पहिलं काम बऱ्याचदा हेच करतात, आणि ती टूल्स दुकानातूनच टाकून येतात.

म्हणून माझा फॉरमॅटवरचा राग फक्त गेलेल्या फोटोंपुरता नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये विकत घेतानाच ओरिजिनल विंडोज असतं, त्याची लायसन्स की मशीनमध्येच असते, तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि नेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, एक रुपया लागत नाही. तरीही कितीतरी ठिकाणी विंडोजची होम आवृत्ती काढून क्रॅक केलेली प्रो आवृत्ती टाकून देतात, वर अभिमानाने सांगतात की प्रो टाकून दिलंय. गिऱ्हाईक पैसे मोजून स्वतःचं हक्काचं विंडोज घालवून येतं आणि व्हायरसला आत यायला दार उघडं घेऊन येतं. दुकानदारांमध्ये चांगले, प्रामाणिक लोक आहेत, मी स्वतः काहींना ओळखते, त्यांनी रागावू नये, पण ही पद्धत बंद व्हायला हवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅट मारला म्हणजे सुटलो हा समज. आजकालचे बरेच मालवेअर, म्हणजे व्हायरससारखे घातक प्रोग्रॅम, लॅपटॉप बिघडवायला येतच नाहीत, ते ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (आपण लॉगिन केलंय याची ब्राउझरमधली खूण) उचलतात आणि काही मिनिटांत निघून जातात. चोराने किल्लीची नक्कल करून नेलीय आणि आपण घराला रंग देऊन घेतला पण कुलूप तेच ठेवलं, तसं हे आहे. त्यामुळे साफसफाईच्या आधी किंवा साफसफाई चालू असतानाच, दुसऱ्या चांगल्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. ईमेल पहिला का, तर बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात. गुगल खात्यात सिक्युरिटीमध्ये "युअर डिव्हाइसेस" आहे, तिथे अनोळखी डिव्हाइस दिसलं की साइन आउट करा, आणि टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्री, चालू करा. हे त्याच बाधित लॅपटॉपवर बसून करू नका, नवा पासवर्डही जाईल. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकत जातात. बँकेला कळवण्याची तारीख, वेळ, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. साफ करूनही पुन्हा पुन्हा तेच येत असेल तर करावाच लागतो, पण आधी बॅकअप, मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज नव्याने टाकायचं साधन) घेऊन, क्रॅकशिवाय. फाइल्स लॉक होऊन पैसे मागणारं रॅन्समवेअर असेल तर पैसे देऊ नका आणि त्या लॉक झालेल्या फाइल्ससुद्धा पुसू नका, २०१६ पासून "नो मोअर रॅन्सम" नावाचा प्रकल्प चालू आहे, युरोपोल ही युरोपातली पोलीस संस्था आणि डच पोलीस त्यात आहेत, काही प्रकारांचं लॉक उघडायच्या चाव्या तिथे फुकट मिळतात, आज नाही मिळाली तर पुढे मिळू शकते.

व्हायरस घरात येतो कुठून तेही सांगते. झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह, हे आपल्याकडे अजून आहेच, प्रोजेक्टची प्रिंट काढायला पोरं जातात आणि घरी येऊन बघतात तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, खरे फोल्डर बहुतेक वेळा तिथेच लपवलेले असतात, गेलेले नसतात. मुलांचे गेमचे क्रॅक आणि मोड (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स) तर आहेतच. आणि अलीकडे एक फार वाईट प्रकार आलाय, साइटवर "मी रोबोट नाही" अशी खूण करायला सांगतात आणि मग म्हणतात विंडोजचं बटण आणि आर दाबा, कंट्रोल व्ही दाबा, एंटर मारा. असं कुठलीही खरी साइट सांगत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने चोराचा हुकूम लॅपटॉपला देता. मी हे वर्गात प्रत्येक तुकडीला करून दाखवते, पालकांपर्यंत मात्र पोचत नाही, म्हणून इथे लिहितेय. विंडोज १० वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ चालत असेल तर घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवा.

आता माझ्या मागण्या. दुरुस्तीच्या दुकानदारांनी लॅपटॉप घेताना पावतीवर लिहून घ्यावं की डेटा ठेवायचाय की पुसायचाय, खाली गिऱ्हाइकाची सही, आणि कुठलं विंडोज टाकलं तेही लिहून द्यावं. दुकानदारांच्या संघटनांनी ठरवलं तर हे एका आठवड्यात होईल. इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना प्रोजेक्ट हवेच असतात, त्यांनी महिन्यातून एकदा सार्वजनिक वाचनालयात बसून लोकांचे लॅपटॉप तपासून द्यावेत, १८४० पासूनचं आपलं वाचनालय आहे, ज्येष्ठ नागरिक तिथे येतातच. मुक्त विद्यापीठ नाशकातच आहे, त्यांनी मराठीत घरच्या कॉम्प्युटरच्या देखभालीचा एक छोटा कोर्स काढावा. आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती की सायबर फसवणुकीची बातमी छापताना दरवेळी शेजारी चौकटीत १९३० हा नंबर आणि सायबर स्वच्छता केंद्राचा पत्ता द्या, मोठ्या टायपात, म्हणजे आजी-आजोबांनाही कापून फ्रिजवर लावता येईल.

आपली,
एक संगणक शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक