पाय नसलेल्या बाहुलीचे मूळ

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी सूत्रबाहुली (दोऱ्यांनी खेळवायची बाहुली) बनवण्याची कृती देताना, पाय नसलेली, घोळदार घागऱ्याची ही बाहुली राजस्थानातून महाराष्ट्रात आली, असे म्हटले आहे. कृती सुबोध आहे, परंतु मुळाविषयीचे विधान मला पटत नाही.

राजस्थानी कठपुतळीला पाय नसतात आणि तिच्या दोन ते पाच दोऱ्या थेट खेळवणाऱ्याच्या बोटांना बांधलेल्या असतात, हे खरे. पण ओडिशातील कुंढेई बाहुलीलाही पाय नसतात, जरी तिच्या दोऱ्या त्रिकोणी लाकडी आधाराला बांधतात. आणि कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांनाही ते नसतात, त्यांना सांधे असतात ते केवळ खांद्यांचे दोन. पाय द्यायचे तर गुडघे आले, गुडघ्यांना दोऱ्या आल्या आणि त्या ओढायला बोटे अपुरी पडू लागली; त्याऐवजी कमरेखाली कापडाचा घोळ सोडला की बाहुली चालल्याचा भास आपोआप होतो. हे काटकसरीचे शहाणपण निरनिराळ्या ठिकाणच्या कारागिरांना स्वतंत्रपणे सुचू शकते, त्यामुळे केवळ रूपसाम्यावरून कोणी कोणाकडून घेतले हे ठरवता येत नाही.

शिवाय मराठी मुलखाला सूत्रबाहुली जुन्या काळापासून परिचित आहे. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस, सायखड्याचे, म्हणजे बाहुल्यांच्या खेळातले, बाहुले जसे चालवणाऱ्याच्या सूत्राने (दोरीने) चालते तसे माझे स्वामी, म्हणजे गुरू, मला बोलायला लावतात, असा दाखला येतो. तो समजावून सांगण्याची गरज ज्ञानदेवांना वाटलेली नाही, म्हणजे श्रोत्यांनी हा खेळ पाहिलेला असावा. (त्या बाहुल्याला पाय होते की नव्हते, हे अर्थातच त्यावरून कळत नाही.) उलट टोकाला जाऊन, नाटकातील 'सूत्रधार' (शब्दशः, दोरी धरणारा) या शब्दाच्या आधारे जर्मन संस्कृतज्ञ पिशेल यांनी १९०० साली भारताला बाहुलीनाट्याचे माहेरघर ठरवले, तेही मला घाईचे वाटते, कारण मोजणीची दोरी धरणाऱ्या सुतारालाही संस्कृतात सूत्रधारच म्हणतात.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना याच परंपरेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कृतीचा पुढील भाग छापताना तेथील एखाद्या बाहुलीचे जवळून घेतलेले छायाचित्र द्यावे, म्हणजे खांद्याचा सांधा कसा जोडतात हेही मुलांना नीट दिसेल.

आपला,
एक वाचक, सिंधुदुर्ग