बाबांचं चित्र आता पुण्यात

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई मध्येच रडली असती आणि बाबांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहिते. मी कोळशाने काढलेलं बाबांचं मोठं चित्र विकलं. पैसे खात्यात जमाही झाले.

लगेच मनाला लावून घेऊ नका, आधी ऐका. 5 फूट बाय 4 फुटांचं चित्र आपल्या घरात लावणार कुठे? माजघराच्या भिंतीला श्रावणापर्यंत ओल असते आणि कागदाला बुरशी धरायला तेवढं पुरतं. कोळशाची काडी म्हणजे जाळून काळी केलेली विलोची डहाळी, तिच्यात चिकटून राहील असं काही नसतंच. पूड कागदाच्या खरखरीवर नुसती बसलेली असते. वरून फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारं द्रव्य, फवारलं तरी बोट फिरलं की डाग. म्हणजे काच आलीच. काचेऐवजी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक हलकं, पण पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि ते पूड स्वतःकडे ओढतं. 4 मिलिमीटरची नुसती काच एवढ्या मापाला 18 किलोंच्या वर जाते. आपल्या जुन्या गिलाव्यात कॅलेंडरचा खिळा धड राहत नाही. आणि आई, "हयात माणसाचं एवढं काळं चित्र भिंतीवर नको, कुणीतरी हार घालेल" हे तुझंच ना?

ज्यांनी घेतलं ती माणसं चांगली आहेत. कोथरूडला राहतात, दोघंही निवृत्त. घेण्याआधी त्यांनी चित्राच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून भिंतीवर चिकटवले आणि काही दिवस तसेच ठेवले. खिडकीसमोरची भिंत त्यांनी स्वतःच सोडली, कारण गडद चित्रावरची काच आरशासारखी होते, बाबांऐवजी समोरची इमारत दिसली असती. आता आतल्या भिंतीवर आहे, ऊन येत नाही, ओल नाही, मागे सरून बघायला जागा आहे. लांबून पूर्ण चेहरा, जवळ गेलं की नुसते काळे कण. बाबांची तिथे उत्तम सोय आहे, आपल्या घरच्यापेक्षा पंखाही चांगला आहे!

बाबा, "मोबाइलवर क्षणात निघतं ते" असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी गप्प बसले. फोटो मीही समोर ठेवते, त्यावर चौकटी आखते, कागदावर त्या मोठ्या करते. पण त्यानंतर एकेका चौकटीत दिवस जातो. तुमच्या पांढऱ्या दाढीचा एकही खुंट मी काढलेला नाही. भोवतीचा काळोख भरला आणि कागद तिथे तसाच सोडला. जिथे चुकून काळं गेलं तिथे कणकेसारख्या मळता येणाऱ्या खोडरबराचं टोक करून उचललं. ती दाढी मला न बघता येते. शाळेत जाताना तुम्ही मुद्दाम गालाला घासायचात आणि मी किंचाळत परसात पळायचे. चेहरा त्या ऑगस्टनंतरचा आहे, तुम्हाला तो बघवत नाही, हेही ठाऊक आहे. मला मात्र तो फार आवडतो.

आणि चित्रकार हळदणकरांचा अभिमान तुम्हीच शिकवलात ना? सावंतवाडीच्या माणसाने स्वतःच्या मुलीला हातात दिवा देऊन उभं केलं, आणि ते जलरंगातलं चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिथे लेक परगावी गेली, इथे बाप गेला. पुणं तर म्हैसूरपेक्षा जवळ!

घरासाठी दुसरं चित्र पाठवते आहे, लहान, दीड फूट बाय दोन फूट. आईचे विळीवर नारळ खवणारे हात. हाताला कुणी हार घालत नाही. आई, सुरकुत्या जास्त काढल्यात असं म्हणू नकोस, आहेत तेवढ्याच आहेत. बांगडीची चमक बघ, तो कोरा कागद आहे.

आता नीट ऐका. पश्चिमेच्या भिंतीवर लावायचं नाही, देवघराजवळही नाही, उदबत्तीचा धूर नको. चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत, ते काढायचे नाहीत, मागून हवा खेळायला हवी. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर शिंपडायचं नाही. माझ्या धुळीची काळजी करू नकोस, आई. मास्क लावते, पुडीवर फुंकर मारत नाही, कागद मागून टिचकीने झटकते. जेवण वेळेवर होतं. खोलीचं पुढचं भाडंही सुटलं, तेव्हा बाबांनी पैसे पाठवायचे नाहीत. त्यातून आधी त्यांची राहिलेली रक्ततपासणी करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मला टाका.

खिळा दादू येऊन मारेल, मी त्याच्याशी बोलले आहे. बाबा, तोवर पार्सल कॉटखाली आडवं ठेवा आणि स्टुलावर चढू नका. चढलात तर आई मला सांगणारच आहे.

तुमची,
चिमी