ती चार मिनिटं

गेल्सेनकिर्शन,
१९ मे, रात्री

प्रिय संत्या,

तुझा मेसेज रात्रपाळीहून परतताना ट्राममध्ये ऐकला. घरी येऊन पुन्हा ऐकला. सामना हरल्यावर पोरं मैदानातच बसून राहिली, उठवून उठेनात, आणि तुझा गोलकीपर तीन दिवस झाले कुणाशी बोलत नाही. शेवटी तू म्हणालास, "बास झालं आता, शिट्टी खुंटीला टांगतो." तुझा आवाज इतका बसलेला मी कधी ऐकला नव्हता. फोन करून काय बोलावं सुचेना, म्हणून कागद घेतला.

आणि आज तारीखही १९ मे आहे. या गावात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. २००१ साली याच दिवशी इथला फुटबॉल क्लब शाल्के जर्मनीचा विजेता झाला होता. चार मिनिटांसाठी.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, त्यांच्याबद्दल तुला मागे सांगितलं होतं. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. ह्यूगो खाण २००० साली बंद पडली तेव्हा ते घरी बसले. आता परसात कबुतरं पाळतात. इथल्या खाणकामगारांना शर्यतीच्या कबुतरांचा जुना नाद आहे, आपल्याकडे पेठेपेठेत असतो तसाच. आज संध्याकाळी दाणे टाकता टाकता त्यांनी मला तो अख्खा सीझन पुन्हा ऐकवला. मी चौथ्यांदा ऐकला असेल, पण आज तुझ्या पोरांसाठी ऐकला.

शाल्केचं शेवटचं लीग विजेतेपद १९५८ चं. आजोबा तेव्हा शाळेत होते. त्यानंतर बेचाळीस वर्षं लीग हाती लागली नाही. मग २०००-०१ मध्ये हुब स्टीव्हन्स हा डच प्रशिक्षक आणि सिगार ओढणारा मॅनेजर रूडी आसाउअर यांनी जमवलेला संघ अचानक पेटला. डेन्मार्कचा एबे सांड पुढे, त्याच्या जोडीला एमिल म्पेंझा, डावीकडे योर्ग ब्योमे. डॉर्टमुंडचा आंद्रेयास म्योलर त्याच वर्षी शाल्केत आला होता. याचा अर्थ तुला वेगळा सांगायला नको. समोरच्या पेठेचा हुकमी खेळाडू आपल्या तालमीची जर्सी घालून उभा राहिला तर काय होईल, तेच झालं. लोक खवळले. पण पोरगा खेळला, आणि हळूहळू शिव्या बंद झाल्या.

विजेतेपदाच्या शर्यतीत समोर होता तो बायर्न म्युनिक. त्याला त्या वर्षी शाल्केने दोन्ही वेळा हरवलं. एप्रिलमध्ये तर म्युनिकला जाऊन ३-१, तिन्ही गोल सांडचे. आजोबा ते तीन गोल बोटांवर मोजतात आणि तिसऱ्या बोटाला थांबून बोट तसंच धरून ठेवतात.

संत्या, आता नीट वाच. लोक हा सीझन सांगताना शेवटच्या दिवसापासून सुरुवात करतात. मी एक आठवडा आधीचा सांगतो, कारण माझ्या मते विजेतेपद तिथे गेलं. १२ मे, तेहतिसावी फेरी. दोघांचे ५९ गुण, आणि गोलफरकावर, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल या हिशेबाने, शाल्के वर. शाल्के स्टुटगार्टला खेळत होता, बायर्न घरी कायझर्सलाउटर्नशी. नव्वदाव्या मिनिटाला तिकडे बायर्नच्या त्सिकलरने गोल मारला, २-१. आणि जवळपास त्याच वेळी इकडे स्टुटगार्टच्या बालाकोव्हने शाल्केवर मारला, १-०. दोन गावांत दोन गोल, आणि बरोबरीत असलेले दोघे तीन गुणांनी लांब झाले. त्या सामन्यात शाल्के जपून खेळला, बरोबरी चालेल अशा हिशेबाने. हे माझं मत नाही, आजोबांचं आहे, आणि ते सांगताना अजूनही कबुतरांच्या डब्यावर हात आपटतात.

मग १९ मे. बायर्न हॅम्बुर्गमध्ये हरला आणि शाल्के जिंकला, तरच गोलफरकावर विजेतेपद. सामना पार्कश्टाडियनवरचा शेवटचा, पुढच्या सीझनपासून नवं मैदान. समोर उंटरहाखिंग, टीम घसरणीला लागलेली. पण पहिल्याच मिनिटांत त्यांनी गोल केला आणि सव्विसाव्या मिनिटाला दुसरा. ०-२. हाफटाइमच्या तोंडावर व्हान केर्कहोव्हन आणि असामोआ यांनी २-२ केलं. एकोणसत्तराव्या मिनिटाला पुन्हा २-३. मग ब्योमेने दोन मिनिटांत दोन मारले आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला सांडने पाचवा. ५-३. त्या सामन्यानंतर उंटरहाखिंग खालच्या लीगमध्ये गेला. त्यांच्या घरीही त्या रात्री कुणी जेवलं नसेल, ते कुणी सांगत नाही.

हॅम्बुर्गमध्ये नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-०. आणि मग बार्बारेझने हेडर मारला. हॅम्बुर्ग १-०.

आजोबा उत्तरेच्या स्टँडमध्ये उभे होते. शर्टाच्या खिशात छोटा रेडिओ, त्याची वायर कानात. बार्बारेझचा गोल त्यांनी आधी ऐकला, मग आजूबाजूच्यांनी त्यांच्या तोंडावर वाचला. इथे शिट्टी झाली, लोक कुंपण ओलांडून मैदानात घुसले. कुणीतरी सांगितलं, हॅम्बुर्गलाही संपलं. टीव्हीच्या बातमीदाराने शाल्केच्या माणसाला तेच सांगितलं होतं. आजोबांनी मेव्हण्याला मिठी मारायला म्हणून कानातली वायर काढली.

बस, तेवढंच. वायर काढली.

हॅम्बुर्गमध्ये सामना संपलेला नव्हता. चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला हॅम्बुर्गच्याच उयफालुशीच्या पायाला लागून चेंडू मागे गोलकीपरकडे गेला, आणि गोलकीपर शोबरने तो हातात उचलला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही. रेफ्री मार्कुस मेर्क यांनी तसा बॅक पास धरला आणि पेनल्टी क्षेत्रात इंडायरेक्ट फ्री किक दिली. तो पास जाणूनबुजून होता की नुसता पाय लागला, यावर इथे आजही वाद होतात. मी ती दृश्यं कितीतरी वेळा पाहिली आहेत. मला वाटतं शोबरने पायाने मारून लांब धाडला असता तर वादच उरला नसता. पण हे खुर्चीत बसून बोलणं झालं. हॅम्बुर्गचे खेळाडू भिंत करून समोर उभे राहिले. बायर्नचा गोलकीपर ऑलिव्हर कानसुद्धा पुढे धावत आला होता. एफेनबर्गने चेंडू हलकेच सरकवला आणि पाट्रिक आंडरसनने जमिनीलगत ठोकला. भिंतीच्या फटीतून आत. १-१, आणि विजेतेपद बायर्नचं. बायर्नसाठी त्याने मारलेला तो एकमेव गोल.

पार्कश्टाडियनच्या मोठ्या पडद्यावर हॅम्बुर्गची ती किक दिसत होती. आजोबांनी ती पाहिली नाही, ते पाठमोरे होते, मेव्हण्याच्या गळ्यात. त्यांना कळलं ते आवाजावरून. ते म्हणतात, साठ हजार माणसांचा गजर चालू असताना तो एका बाजूने विझत विझत आला, वीज एकेका गल्लीतून जाते तसा. आसाउअर नंतर म्हणाले, फुटबॉलच्या देवावर आता माझा विश्वास राहिला नाही. आणि आजोबांना इतक्या वर्षांनीही वाटतं, वायर काढली नसती तर कदाचित. मी त्यांना समजवायच्या भानगडीत पडत नाही. तूही तुझ्या पोरांना लगेच समजवू नकोस. त्यातल्या प्रत्येकाने आपली एक वायर शोधून ठेवली असणार.

मेर्क यांना इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं माफ केलं नाही. आजोबांना मी एकदा सांगितलं की ते पेशाने दंतवैद्य आहेत आणि दक्षिण भारतात गरीब मुलांसाठी काम करत आलेत. आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ते चांगलं काम आहे. पण तो बॅक पास नव्हता."

बायर्नबद्दलही मला चीड येत नाही, हे खरं सांगतो. त्याआधी दोन वर्षं, १९९९ ला, बार्सेलोनामध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला ते नव्वदाव्या मिनिटापर्यंत जिंकत होते आणि मँचेस्टर युनायटेडने इंज्युरी टाइममध्ये दोन गोल मारून कप नेला. कान, एफेनबर्ग दोघेही त्या मैदानात होते. त्यांना शेवटची मिनिटं काय करू शकतात ते अंगावर माहीत होतं. हॅम्बुर्गच्या गोलनंतर माना न टाकता चेंडू उचलून मध्यावर पळणं त्यातूनच आलं. चारच दिवसांनी, २३ मेला, मिलानमध्ये पेनल्टीवर व्हॅलेन्सियाला हरवून ते युरोपचे विजेते झाले.

आणि शाल्के? सातव्या दिवशी, २६ मेला, बर्लिनला जर्मन कपची फायनल होती, युनियन बर्लिनशी. आजोबा सांगतात, बसमध्ये जाताना कुणी गाणं म्हणेना. पण गेले सगळे. शाल्के २-० जिंकला, दोन्ही गोल ब्योमेचे. उंटरहाखिंगवर दोन मिनिटांत दोन मारणारा तोच.

लीगचा शेवट बायर्न ६३, शाल्के ६२ गुण असा झाला. बायर्न त्या सीझनमध्ये नऊ सामने हरला होता, शाल्के आठ.

एक राहिलं, आणि तुझ्यासाठी हेच महत्त्वाचं. तो हॅम्बुर्गचा गोलकीपर शोबर मूळचा शाल्केचाच. इथेच घडलेला. त्याच्या हातातल्या चेंडूमुळे त्याच्याच जुन्या क्लबचं विजेतेपद गेलं. मी आजोबांना विचारलं, त्याला गावाने काय केलं? ते म्हणाले, काय करणार, आपलाच पोर. २००७ ला तो शाल्केत परत आला, इथेच खेळून निवृत्त झाला आणि पुढे क्लबच्या पोरांच्या फुटबॉलमध्येच काम करू लागला.

तुझ्या गोलकीपरचा नंबर पाठव. रविवारी माझी सुट्टी आहे, त्याच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी फोन करतो. त्याला बोलायचं नसलं तर नको बोलू दे. मी त्याला फक्त शोबरची गोष्ट सांगतो. आणि शिट्टी खुंटीवरून काढून खिशात ठेव, पोरं सोमवारी येतील तेव्हा शोधत बसू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या