उगवला तोच ग्रहण घेऊन

आई, बाबा, ताई,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, तुमच्याकडे मध्यरात्र होत आलेली आणि इकडे मैदानात वारा इतका की आईचं अर्धं बोलणं उडूनच गेलं, म्हणून आज निवांत लिहितेय. बाबा सावंतवाडीहून फोंड्याला ताईकडे जाताना पंचांग पिशवीत घालून गेले हे ऐकून मात्र जाम हसले.

कालचं, ७ सप्टेंबर २०२५ चं चंद्रग्रहण तुमचं आमचं एकच, खग्रास तुमच्या घड्याळात रात्री ११ ते १२:२२ आणि बर्लिनच्या घड्याळात साडेसात ते ८:५२. पण तुमच्याकडे चंद्र तेव्हा पार वर (म्हणजे ढगांच्याही वर, भाद्रपदात गोव्याचं आभाळ अजून काय करणार), आणि आमच्याकडे तो उगवतानाच काळवंडलेला. बाबा, तुमचं ते ग्रस्तोदित.

आम्ही टेम्पलहोफला गेलो होतो, जुना विमानतळ आहे, २००८ ला बंद झाला, आता रनवेवर लोक सायकली हाणतात. पूर्वेला सगळं मोकळं. पावणेआठच्या जरा आधी चंद्र वर आला असणार पण दिसला कुणालाच नाही, कारण पौर्णिमेचा असला तरी ग्रहणात त्याचा उजेड इतका कमी होतो की संध्याकाळच्या उजेडात तो हरवूनच जातो, त्यात क्षितिजाजवळची धूळ. क्षितिजावर निळसर करडा पट्टा तेवढा दिसत होता. ती पृथ्वीचीच सावली, चंद्र तिच्यातच बुडालेला. बरेच लोक कंटाळून सायकली घेऊन निघाले पण. सव्वाआठच्या सुमारास शेजारच्या एका आजोबांनी दुर्बिणीतून बघत बोट दाखवलं, आणि मग दिसला, न घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखा, कुठे लाल कुठे काळपट. एकदा सापडल्यावर नुसत्या डोळ्यांनीही दिसायला लागला. ८:५२ नंतर डाव्या बाजूला खाली पांढरी कड उजळली आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. दे दान सुटे गिराण ओरडायची फार इच्छा झाली होती, पण नवऱ्याने डोळे वटारले!

ताई, चिनूला सांग, ग्रहणाचा चंद्र नेहमी सूर्याच्या बरोब्बर समोर असतो, म्हणून तो उगवताना बघायचा तर मावळत्या सूर्याकडे पाठ करायची. हे भावजींनाही सांग. ३१ जानेवारी २०१८ ला गोव्यात असाच खग्रास चंद्र उगवला होता आणि त्यांनी सगळ्यांना मिरामारला नेलं होतं, अख्खं पब्लिक समुद्राकडे तोंड करून 😄 चंद्र येणार सह्याद्रीवरून, पश्चिमेला काय मिळणार, सनसेट आणि भेळ.

३ मार्च २०२६ ला, होळीच्या पुनवेला, परत ग्रस्तोदित आहे पण त्याच्यासाठी धावपळ करू नका. खग्रास दुपारी साडेपाचलाच संपतंय, गोव्यात चंद्र उगवेल सहा चाळीसच्या आसपास आणि पावणेसात-सहा अट्ठेचाळीसला मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटलंच. डोंगराच्या वर येईस्तोवर तो स्वच्छ धुतलेला असेल. त्यापेक्षा शिगमो बघा.

खरं बघायचंय ते ३१ डिसेंबर २०२८ चं. रात्री पावणेदहा ते अकराच्या सुमारास खग्रास, चंद्र वर आणि आभाळ बहुतेक मोकळं. थर्टीफर्स्टला गोव्यात डीजेवाल्यांना वेध कोण सांगणार ते तूच बघ ताई, आम्ही सगळे तुझ्या गच्चीवर येतोय. विमानाचं तिकीट तेव्हा दुप्पट असणार म्हणून आत्तापासून पैसे बाजूला टाकतेय, बाबांनी पण मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी उरकून घ्यावं, दरवर्षी पुढे ढकलतात.

तुमची,
मनू