खोलीच्या मागं काय आहे?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास, म्हणून लिहितोय. मशीनबद्दल बोलायचं नाही असं ठरवलंय. पोरगा घाटात जेसीबी चालवतो, हे मी इथं नव्या गावात, आमड्यात, येईल त्याला सांगतो. तुझ्या मामाला तर दोनदा सांगून झालं. फक्त एवढंच सांग, तुमच्या खोलीच्या मागं काय आहे? 'डोंगर आहे' म्हणालास. अख्खा, की कापलेला?

३० जुलै २०१४ ला तू आश्रमशाळेत होतास, मी पावसानं घोडेगावात अडकलो होतो. आपण दोघं उरलो ते तेवढ्यामुळं. सकाळी एसटीचा ड्रायव्हर आला तर आपलं माळीण गाव जागेवर नाही, डोंगर खाली आलेला, नुसता चिखल. त्यानं कळवलं तेव्हा बाहेर समजलं. चाळीसेक घरं गेली, माणसं १५१. शाळा तेवढी उभी. मी आठवडाभर तिथंच होतो. तुझ्या आईला लुगड्याच्या काठावरून... असो.

पडकईला मी तुझ्या आजोबांबरोबर जायचो. घरटी एक माणूस, आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. पहार, फावडं, दगडाचे बांध; उन्हाळाभर खपावं तेव्हा भाताचं खाचर व्हायचं. दुपारी सगळ्यांच्या भाकऱ्या एकत्र सोडायच्या. आजी ठेचा द्यायची तो पहिला संपायचा. पुढं मशीन आलं, आम्हीच खूश झालो. नंतर कुणी म्हणालं मशीननं डोंगर सैल केला, कुणी म्हणालं पाऊसच तसा झाला. बघ, बोलायचं नाही म्हणता म्हणता तिथंच आलो. चुकलं माझं. तुझ्या कामाला नावं ठेवत नाही.

पण २०१७ ला या नव्या गावात आलो आणि पहिल्याच पावसात घराशेजारची माती खचली, तेव्हा तू हसला होतास. मी रात्रभर ओट्यावर बसलो होतो. डोंगराला भेग दिसली, झाडं कलली, झऱ्याला गढूळ पाणी आलं, तर सामान आवरत बसू नकोस. २०२१ ला दरडीखाली तळीये गेलं, २०२३ ला इर्शाळवाडी, ती तर रात्रीची. तुला काय सांगायचं, तू शिकलेला आहेस.

या महिन्याचे पैसे पाठवू नकोस. हिरड्याचे आलेत, मला पुरतील. तुझ्या पैशांत सपाटीवर खोली बघ. आणि शेजारच्या पोराच्या मोबाईलवर फोटो पाठव. तुझा नको, खोलीच्या मागचा.

तुझा,
बाबा