गोव्याची विमानं टी-२ लाच उतरवा

माननीय संपादक, स.न.वि.वि.

मुंबई विमानतळावर कुठल्या एअरलाईनला कुठलं टर्मिनल, हा मुंबईकरांचा विषय वाटेल पण त्यात हाल आपल्या गोंयकारांचे होतात म्हणून लिहितोय.

आखातात नोकरीला जाणारे, बोटीवर जाणारे तारवटी, यातले कितीतरी जण मोपा किंवा दाबोळीहून आधी मुंबई गाठतात. पुढचं परदेशी विमान असतं सहारच्या टी-२ वरून कारण इमिग्रेशन, कस्टम्स सगळं तिथेच. आणि गोव्याचं विमान बऱ्याचदा उतरतं टी-१ ला, म्हणजे सांताक्रूझच्या बाजूला, जिथे फक्त डोमेस्टिक. रनवे तेच, पण एका टर्मिनलवरून दुसऱ्याला रस्त्याने जायचं तर चारपाच किलोमीटर, तेही हायवेच्या ट्रॅफिकमधून.

माझा भाचा गेल्या पावसाळ्यात बोटीवर जॉईन व्हायला निघाला. एजंटने दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे बॅगा पुढे आपोआप जाईनात. बेल्टवरून दोन मोठ्या बॅगा उचल, बाहेर ये, टॅक्सी शोध, टी-२ च्या गेटवर परत पासपोर्ट-तिकीट दाखव, असं करत पोचला तेव्हा काउंटर बंद व्हायच्या बेतात होता. ते विमान चुकलं असतं तर बोटही गेली असती आणि काँट्रॅक्टही, घरी आम्ही सगळे फोन हातात घेऊन बसलेलो. तिकिटावर टर्मिनल लिहिलेलं होतं, पण इतक्या बारीक अक्षरात की कोण बघतो?

टर्मिनल वाटताना काउंटर किती, बेल्ट किती, विमानं उभी करायला जागा किती हे बघावं लागतं, ते मान्य. परदेशी विमानांशी टायअप असलेल्यांना टी-२ मिळतं तेही बरोबरच. पण एकाच एअरलाईनची काही विमानं टी-१ ला आणि काही टी-२ ला असतात, मग त्यातलं कुठलं कुठे हे ठरवताना पुढे परदेशी जाणारे प्रवासी कुठल्या गावाहून येतात ते बघायला नको का? ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ दोन्ही टर्मिनलना जोडते, चांगलंच झालं, पण पहाटे तीनच्या विमानाला मेट्रो काय कामाची!

आपल्या खासदारांनी हा विषय दिल्लीत लावून धरावा. निदान सकाळ-संध्याकाळचं एकेक गोवा विमान तरी टी-२ ला द्या, आणि टर्मिनल बदललं तर ते एसेमेसवर आदल्या दिवशी मराठीत कळवा.

एक वाचक, म्हापसा