तळाचा एक कुठून आणू?

संपादक महोदय,

मोठ्या कंपनीतली नोकरी म्हटली की लोक पगाराबद्दल विचारतात, नाहीतर कामाच्या तासांबद्दल. मी अशाच एका कंपनीत टीम लीड आहे. पगार वेळेवर होतो, तासही सोसवतात. डोके फिरते ते अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाच्या महिन्यात, 'बेल कर्व्ह'पायी. माणसांना ठरलेल्या टक्केवारीत वर, मध्ये, तळाला बसवायचे, ही ती पद्धत.

कर्मचारी सेल्फ अप्रेझल भरतो, त्यावर मी रेटिंग देते. मग एचआरकडून (मनुष्यबळ विभागाकडून) टक्केवारी येते: वरचे इतके, मधले इतके, तळाचे दहा टक्के. त्यानंतर रेटिंगे या टक्केवारीत बसवायला सगळ्या लीड-मॅनेजरांची बैठक, तिला म्हणतात कॅलिब्रेशन. माझ्या माणसांचे काम त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी पाहिलेले नसते. ज्याचा मॅनेजर जोरात बोलतो त्याची माणसे वर सरकतात. तळाला कोण जाते? नुकताच दुसऱ्या टीममधून आलेला, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली, किंवा 'हा तसाही सोडून जाणार' अशी कुजबुज असलेला. कारण मागाहून लिहायचे असते आणि ते काम माझे. 'पुढाकार कमी पडतो' हे वाक्य कुणालाही चिकटते.

हजारो माणसांच्या कामगिरीचा आलेख घंटेच्या आकाराचा निघेलही. माझ्या टीममध्ये आठ जण आहेत! तळाचे दहा टक्के कंपनीभर कसेही विखुरलेले आहेत असे धरले, तर आठांत त्यातला एकही नसण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के येते (०.९ चा आठवा घात, हवे तर करून पाहा). तरी दरवर्षी 'तुमचा एक द्या' हा तगादा असतोच. बरे, भरतीच्या वेळी फेऱ्यांवर फेऱ्या घेऊन आम्ही चाळूनच माणसे घेतलेली असतात.

जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी वरचे २०, मधले ७०, खालचे १० ही वाटणी गाजवली. ते १९८१ ते २००१ तिथे प्रमुख होते. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची क्रमवारी बंद केली, अ‍ॅडोबीने तर २०१२ मध्येच वार्षिक अप्रेझल मोडीत काढले. आमच्याकडे फॉर्मचा रंग बदलला, टक्केवारी तीच.

कर्व्ह काढला तर सगळे मॅनेजर सगळ्यांनाच 'उत्कृष्ट' देतील, असे एचआर म्हणते. त्यात तथ्य आहे. तसे मॅनेजर मी पाहिले आहेत. पगारवाढीचे बजेट आधीच ठरलेले असते, तेही मान्य. मग पैसे कमी आहेत असे सरळ सांगा ना! त्यासाठी चांगल्या माणसाला 'अपेक्षेपेक्षा कमी' का ठरवायचे? याचा परिणाम कामावर होतो. शेजारच्याला काही शिकवताना माणूस हात आखडता घेतो, आणि हुशार मुले हुशार टीममध्ये जायला तयार होत नाहीत.

माझ्या मागण्या दोनच. ही टक्केवारी लावायचीच असेल तर शे-पाचशे जणांच्या विभागाला लावा, आठ जणांच्या टीमला नको. आणि कॅलिब्रेशनमध्ये रेटिंग उतरवले असेल, तर लीडने दिलेले मूळ रेटिंगही त्या कर्मचाऱ्याच्या पत्रावर छापा.

– एक टीम लीड
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. अप्रेझल जवळ आले आहे.)